चाक लोखंड खातं

"बघा वहिनी, पलीकडचं दिसतंय की नाही?"

टोमॅटोची चकती दोन बोटांत धरून मी ट्यूबलाइटसमोर नाचवली. उजेड आरपार आला. खुर्च्यांवरच्या बायका पुढं वाकल्या, कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी माइक तोंडाजवळ ओढला आणि पाठ केलेलं पुढचं वाक्य सुरू केलं. बोलता बोलता नजर दरवाजाकडं गेली. तिथं कुणी नव्हतं. पण दोन मिनिटांनी मी पुन्हा तिकडंच पाहत होतो.

ही गोष्ट बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची, कराडची. एका मंगल कार्यालयात गृहोपयोगी वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. लोणची, पडदे, पायपुसणी, जादूचे साबण, आणि मधोमध आमचं टेबल. टेबलावर लाल कापड, दोन सुऱ्या, पाटीभर टोमॅटो आणि आमचा शार्पनर. तळहातात मावेल एवढा, लाल मुठीचा, त्याला दोन फटी. पहिल्या फटीतून सुरी ओढली की तिची धार घासून निघते, दुसरीतून ओढली की गुळगुळीत होते. घरच्या घरी धार, बाहेर जायला नको, कुणाची वाट बघायला नको. एवढ्या एका वस्तूसाठी मी पाच महिने एस.टी.नं गावं पालथी घालत होतो.

त्या तीन दिवसांवर माझं सगळं अडकलं होतं. आमचे सोमणसाहेब पुण्याहून मुद्दाम येणार होते. येण्याआधी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "शिकलगार, तुझंच गाव आहे. इथं दणकून विक्री झाली पाहिजे. झाली, की एक तारखेपासून तू पर्मनंट. कोल्हापूरपर्यंतचा सगळा भाग तुझा." मी फोनवरच दोनदा मान डोलावली होती.

तर ते पाठ केलेलं वाक्य. ते मी लिहिलेलं नव्हतं, कंपनीनं छापून दिलं होतं, पण रंगवून म्हणायचं काम माझं.

"वहिनी, तुमच्या दारावर चाकवाला येतो ना? सायकल स्टँडला लावतो, पायडल मारतो, ठिणग्या उडवतो. आपल्याला वाटतं, वा, काय धार लावली! अहो, त्या ठिणग्या म्हणजे काय? तुमच्याच सुरीचं लोखंड! दर खेपेला सुरी बारीक, बारीक, बारीक. चाकवाला धार लावत नाही वहिनी, चाकवाला सुरी खातो!"

इथं बायका हमखास हसायच्या. त्या दिवशीही हसल्या. मी दरवाजाकडं पाहिलं.

माझं नाव जमीर दस्तगीर शिकलगार. शिकलगार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हत्यारांना धार लावणारे. आमच्या आडनावातच आमचा धंदा आहे. आणि दस्तगीर शिकलगार, म्हणजे माझे अब्बा, तीस वर्षं कराडच्या पेठांतून सायकलवर चाक बांधून फिरत होते. मी ज्याची टिंगल करत होतो तो चाकवाला कुणी परका नव्हता.

सोमणसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलाखतीत त्यांनी वडील काय करतात म्हणून विचारलं, तेव्हा मी "हार्डवेअरमध्ये आहेत" असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो होतो. आडनावाचा अर्थ त्यांना माहीत नव्हता आणि मीही सांगायला गेलो नाही. ते वाक्य मी सांगलीत म्हणालो, वाईत म्हणालो, फलटणला म्हणालो. खरं सांगतो, तिथं मला काहीसुद्धा वाटलं नाही. परगावी माणसाला बाप नसतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझी लायकी पुरती कळेल. प्रात्यक्षिकाच्या सुऱ्यांना शार्पनरनं धार लावायचीच नाही, अशी आम्हा विक्रेत्यांमधली रीत होती. आदल्या दिवशी गावातला एखादा चाकवाला गाठायचा, सुऱ्या त्याच्याकडून परजून आणायच्या, आणि लोकांसमोर शार्पनरमधून दोनदा नुसत्या फिरवल्यासारखं करायचं. कराडला मी चाकवाला शोधायला कुठं जाणार? गुरुवारी सकाळी दोन्ही सुऱ्या अब्बांपुढं ठेवल्या. काम होईपर्यंत त्यांनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. अंगणात सायकल लावली, दहा मिनिटांत सुऱ्या अशा करून दिल्या की टोमॅटोला आपण कापले गेलोय हे कळू नये. मग फडक्यानं पुसून, मुठी माझ्याकडं करून, सुऱ्या खाली ठेवल्या.

"प्रदर्शनाला लागत्यात व्हय?" ते म्हणाले.

"हां. आणि अब्बा, तिकडं येऊ नका हां. साहेब कडक आहेत. मला बोलायला वेळ मिळायचा नाही."

"बरं," अब्बा म्हणाले. एवढंच.

शुक्रवारी, पहिल्या दिवशी, मी स्टॉलवर उभा राहिलो तेव्हा कळलं की आयोजकांनी माझ्या माइकची जोडणी फाटकावरच्या भोंग्याला दिली आहे. म्हणजे आत मी जे बोलणार ते बाहेर चौकापर्यंत जाणार. मी आयोजकांना जाऊन सांगितलं, भोंगा बंद करा, आवाज घुमतोय. ते म्हणाले, "अहो, घुमू दे की! लोक कसे येणार आत?" त्यांचंही चूक नव्हतं. मी परत टेबलामागं येऊन उभा राहिलो आणि दिवसभर त्या वाक्यापाशी आलो की आवाज खाली आणत राहिलो. शेजारचा लोणचीवाला म्हणाला, घसा बसला का तुमचा?

दुपारी चारच्या सुमाराला, ऐन वाक्याच्या मध्यावर, बाहेरून आरोळी आली.

"धाऽऽर! सुरी, कात्री, विळीऽऽ धाऽऽर!"

मी "चाकवाला सुरी खातो" म्हणून मोकळा झालो होतो की अजून म्हणायचं होतं, ते आज सांगता यायचं नाही. आरोळी पुन्हा ऐकू आली नाही, एवढं खरं. नेहमी अब्बा एका जागी तीनदा आरोळी देतात, मगच पुढं सरकतात. समोरच्या बाई "अहो, किती वेळा ओढायचं?" म्हणून विचारत होत्या आणि मी त्यांना शार्पनर उलटा धरून दाखवत होतो.

संध्याकाळी घरी गेलो तर अब्बा जेवायला बसले होते. अम्मीनं माझं ताट वाढलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहायला तयार नव्हतो आणि पाहिल्यावाचून राहवतही नव्हतं. अब्बांनी भाकरी मोडली, कांदा बुक्कीनं फोडला, मला विचारलं, "गिऱ्हाईक हाय का?"

"आहे."

"मग झालं."

त्यांनी ऐकलं होतं की नव्हतं? विचारायची माझी छाती झाली नाही. रागावले असते, ताटावरून उठले असते, तर निदान कळलं तरी असतं. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

शनिवारी सोमणसाहेब हजर झाले. इस्त्रीचा सदरा, हातात डायरी, मागच्या खुर्चीवर पाय ताणून बसले. सकाळी गर्दी बेताची होती. साडेअकराला मी दुसऱ्यांदा टोमॅटो नाचवत होतो, तेव्हा दरवाजातून हौसाकाकू पिसाळ आत आल्या. अब्बा नव्हेत म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. तो टाकायला नको होता.

हौसाकाकू वसतिगृहाच्या खानावळीत भाजी चिरायच्या. साठीच्या आसपासच्या, काष्ट्याचं लुगडं, आवाज असा की त्यांना भोंग्याची गरजच नव्हती. शुक्रवारी त्यांनी आमचा शार्पनर घेतला होता. पहिल्या दिवशीचं पहिलं गिऱ्हाईक त्याच. घेताना विचारलं होतं, "विळीला चालतंय न्हवं?" आणि मी ठोकून दिलं होतं, "पळतंय काकू, पळतंय!" छापील कागदात विळीचा उल्लेखच नव्हता. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या घरी विळी असावी असं मला वाटत नाही.

आता त्यांच्या एका हातात शार्पनर होता आणि दुसऱ्या हातात अख्खी विळी, पाटासकट.

"ए पोरा," त्या लांबूनच म्हणाल्या, "बंद कर तुझं ते टमाटं."

मी माइक खाली ठेवला. बंद करायचं सुचलं नाही.

"काल ह्याच्यावर तू दाखवलंस तशी विळी घासली. म्होरं मागं, म्होरं मागं, दाबून. आन आज बघ!" त्यांनी विळी धाडकन टेबलावर ठेवली. "सकाळी साठ पोरांची भाजी होती. कोबी चिरंना का दोडका चिरंना. नुसतं खरवडतंय. शेवटी हातानं मोडली कोबी मी! मुकादम म्हणाला, म्हातारे, आता घरी बस. माझी विळी खाल्लीस तू!"

खुर्च्यांवर कुजबुज झाली. काल शार्पनर घेतलेल्या आणखी दोघी-तिघी तिथंच होत्या. एक म्हणाली, "माझ्या पण सुरीचं काही खरं नाही बाई." दुसरी पिशवीत हात घालून आपला शार्पनर शोधायला लागली. मागं सोमणसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी डायरी मिटली.

"काकू, द्या मी लावून देतो," मी म्हणालो.

विळी पुढ्यात ओढली आणि शार्पनर पात्यावर घासायला लागलो. पुढं मागं, पुढं मागं. अख्ख्या खानदानाचा धंदा धार लावण्याचा, पण मी चाकाला कधी हात लावला नव्हता आणि हे यंत्रही कधी खरोखर चालवलं नव्हतं. त्याची वेळच आली नव्हती. पात्यातून करकर आवाज यायला लागला. मी आणखी दाबलं. हातातून यंत्र निसटलं आणि टेबलाखाली गेलं. कुणीतरी हसलं. मी ते शोधायला वाकलो आणि लाल कापडाच्या खालून मला सायकलची क्लिप लावलेले दोन पाय दिसले.

वर आलो तर टेबलापलीकडं अब्बा उभे होते. खाकी विजार, कोपरापर्यंत काळे हात.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हौसाकाकूंकडं पाहिलं.

"काय झालं हौसाबाई? भाईर भोंग्यावर सगळं ऐकू येतंय."

"दस्तगीर, बघ रं बाबा ह्या पोरानं काय केलं!"

अब्बांनी विळी उचलली. पात्याच्या कडेवर अंगठा आडवा फिरवला, एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं. "धार मेली न्हाय," ते म्हणाले. "एका अंगाला वळलीया फकस्त. दे ते यंत्र."

शेवटचे तीन शब्द मला होते. मी यंत्र त्यांच्यापुढं टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, फटींमध्ये डोकावले, नखानं आतला तुकडा चाचपला. आयुष्यात पहिल्यांदाच ते हातात घेत होते.

"चांगलं हाय की," ते म्हणाले. आणि विळी जमिनीवर ठेवून, पाटावर एक पाय देऊन, बायका बसतात तसे खाली बसले.

"ह्ये बघा." आता ते सगळ्याच बायकांना सांगत होते. "सुरी आसंल तर सुरी वढायची. विळी हाय, ती काय हलायची न्हाय, मग यंत्र वढायचं. खालनं वर. एकाच दिशेला. परत खाली नेताना उचलून न्यायचं, घासत न्यायचं न्हाय. आन दाबायचं न्हाय. यंत्राचं सोताचं वजन हाय तेवढं बास."

त्यांचा हात खालून वर गेला. करकर नाही, नुसती सर्र. उचलला, पुन्हा खालून वर. चारदा पहिली फट, मग चारदा दुसरी. बायका खुर्च्या सोडून भोवती गोळा झाल्या. मी माझ्याच टेबलामागं एकटा उभा होतो.

"बसा हौसाबाई."

हौसाकाकू विळीवर बसल्या. माझ्या पाटीतला टोमॅटो घेतला आणि पात्यावर टेकवला. टेकवला एवढंच. दोन अर्धुकं दोन बाजूंना गेली, रसाचा थेंब सांडला नाही.

"आगं आई गं," त्या म्हणाल्या. आणि मग, सकाळचा राग अजून पोटात असल्यानं असेल, मोठ्यानं म्हणाल्या, "पर दस्तगीर, ह्यो पोरगा काल तुमच्याबद्दल काय काय बोलत हुता! म्हणं चाकवाला सुरी खातो!"

बायका हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. माझे कान तापले. सोमणसाहेबही गर्दीत येऊन उभे होते.

अब्बा गुडघ्यावर हात देऊन उठले. "खरं हाय की ते," ते म्हणाले. "चाक लोखंड खातंच. तीस वर्सं तुमच्या समद्यांच्या सुऱ्यांचं लोखंड खाल्लंय माझ्या चाकानं. त्याच्यावर तर माझी चार पोरं वाढली. एक बी.कॉम. झालं."

बी.कॉम. मी. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

सोमणसाहेब पुढं झाले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती. सात-आठ जणींनी एव्हाना पर्स उघडल्या होत्या. "वा, चाचा! कमाल केलीत. तुम्ही इथलेच का?"

"व्हय. चाक फिरवतो पेठांतनं."

"आणि आमच्या ह्या मुलाला ओळखता?"

आता मला बोलायचं होतं. एवढा एकच क्षण होता, आणि तो माझ्या तोंडापाशी येऊन उभा राहिला. सोमणसाहेब, हार्डवेअर, एक तारीख, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"तोंडओळख हाय," अब्बा म्हणाले.

हौसाकाकूंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि विळी काखेत मारून बाजूला झाल्या. अब्बांनी यंत्र फडक्यानं पुसून टेबलावर ठेवलं, मूठ माझ्याकडं करून, आणि बाहेर पडले.

"काय बघत बसलास!" सोमणसाहेबांनी माझ्या दंडाला धरून हलवलं. "अरे, माइक घे! गर्दी आहे तोवर बोल. आणि कालचं सोड, आता नवीन म्हण. म्हण, खुद्द चाकवालाच कबूल करून गेला की चाक सुरी खातं! ह्यापेक्षा मोठी जाहिरात नाही."

मी माइक उचलला. तो चालूच होता.

"तर वहिनी," मी म्हणालो, "खुद्द चाकवाला इथं येऊन..."

माझा आवाज भोंग्यातून बाहेर गेला आणि चौकात आदळून परत आला. बाहेर फाटकाशी सायकलचं स्टँड वाजलं. अब्बा अजून गेले नव्हते. त्यांनी मला एका वाक्यात परकं केलं होतं, तेही माझ्याच भल्यासाठी, आणि मी आता त्यांच्या तोंडचं चाकाबद्दलचं वाक्य त्यांच्याच डोक्यावरच्या भोंग्यातून विकणार होतो. मला माझी शिसारी आली.

"खुद्द चाकवाला इथं येऊन," मी पुन्हा म्हणालो, "तोंडओळख आहे म्हणाला. ते खोटं आहे. ते माझे वडील आहेत."

बायका वळल्या. सोमणसाहेबांची भुवई वर गेली.

"दस्तगीर शिकलगार. ह्या टेबलावरच्या दोन्ही सुऱ्यांना धार त्यांनी लावलीय, गुरुवारी, चाकावर. यंत्रानं नाही. यंत्र वाईट नाही वहिनी. सुरीला घरच्या घरी चालतं, हलक्या हातानं ओढलं तर. मलाही ते आत्ता कळलं. पण कात्री असली, अडकित्ता असला, विळीच्या पात्याला खाच पडली असली तर ते अब्बांकडं न्या. ते सोमवारी शुक्रवार पेठेत असतात, दत्ताच्या देवळापाशी. मंगळवारी शनिवार पेठ, पिठाच्या गिरणीसमोर. बुधवारी..."

बुधवारचं आठवेना. सगळे माझ्याकडं पाहत होते, सोमणसाहेब टेबलाला वळसा घालून येत होते. मी घाईनं पुढं गेलो.

"गुरुवारी मंडईच्या मागच्या दाराशी. शुक्रवारी..."

माइकमधून खट्ट झालं आणि माझा आवाज एकदम लहान झाला. सोमणसाहेबांच्या हातात वायर होती.

ते ओरडले नाहीत. मला लोणच्याच्या स्टॉलमागं घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "शिकलगार, तू मुलगा वाईट नाहीस. पण पगार कंपनी देते, तुझे वडील नाहीत. आणि सुऱ्यांचं ते चारचौघांत बोलायला नको होतंस." मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं आणि डायरीत ठेवलं. टेबलापाशी हौसाकाकू एका बाईला "दाबायचं न्हाय, दाबायचं न्हाय" म्हणून यंत्र शिकवत होत्या. विक्री बरी चालली होती, पण आता ती माझी नव्हती.

मी बाहेर आलो. ऊन डोक्यावर होतं. फाटकाशी, भोंग्याच्या बरोबर खाली, अब्बा सायकलला टेकून उभे होते.

"ऐकलंत?" मी म्हणालो.

"भोंगा डोस्क्यावरच हाय." ते हँडल चोळत राहिले. "नोकरी?"

"गेली."

"यडा हायेस." ते एकदम तापले. आयुष्यात त्यांनी मला मारलं नव्हतं, पण त्या क्षणी हात उगारतील असं वाटलं. "आरं, मी तोंडओळख म्हणालो ते कशापायी? माझ्यासाठी? आं? काळे हात घेऊन तुझ्या साहेबाम्होरं तुझा बाप म्हणून मिरवायची मला हौस न्हवती व्हय? तुझं व्हतंय म्हणून गिळलं न्हवं मी!"

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी स्टँड काढलं, सायकल ढकलत दहा-बारा पावलं पुढं गेले. मी मागोमाग चालायला लागलो. रस्त्याच्या वळणाशी ते थांबले, पण वळून पाहिलं नाही.

"बुधवार का सोडलास?"

"अब्बा, मला..." खरं बोलायला सुरुवात केलीच होती, तेव्हा तेही बोलून टाकलं. "तुम्ही बुधवारी कुठं असता ते मला माहीतच नाही."

अब्बांनी चाकाला हलकेच एक गिरकी दिली. त्यांचा राग उतरला होता.

"तुला ठावं नसणारच," ते म्हणाले. "बुधवारी मी तुझ्या कालेजाच्या मागच्या आळीला आस्तो. तू तिथं शिकत हुतास तवापास्नं. तिथं मी आरोळी देत न्हाय."